तासभराची मशाल

दोन वर्षं जपलेलं पात्र बाजूला ठेवून ‘आज आपण १९८१ सालच्या नियमांनी खेळू या’ असं म्हटलं, की खेळाडूच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या आळसाच्या नसतात. त्या पात्राचं बालपण, त्याचं जुनं वैर, त्याच्या हरवलेल्या भावाची गोष्ट खेळाडूनं कर्जत लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर लिहिलेली असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात नोकरी आणि प्रवास यांतून उरलेल्या वेळात माणूस जे घडवतो, ते तो सहजासहजी सोडत नाही, सोडूही नये. म्हणून ज्याला आपल्या गटाला जुन्या पद्धतीकडे न्यायचं आहे, त्यानं नव्या खेळाची निंदा करून सुरुवात करू नये. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं रंगवण्याच्या खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती चांगली आहे, नवख्याला सांभाळून घेणारी आहे. जुन्याचा आग्रह ते जुनं आहे एवढ्यावर टिकतही नाही. माझं म्हणणं निराळं आहे: ती जुनी पद्धत आपल्या रविवारांना आणि आपल्या बोलण्याला जास्त मानवते.

आधी रविवारांचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ तीन लहान पुस्तिकांत छापला. टॉम मोल्डवे यांनी १९८१ मध्ये त्याचा सुरुवातीचा भाग नव्यानं मांडला, तो ६४ पानांत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं पुस्तकच ३२० पानांचं आहे. पानांच्या या फरकाचा परिणाम थेट घड्याळावर होतो. मोल्डवेंच्या पद्धतीत तीन फासे सहा वेळा टाकायचे, वर्ग निवडायचा, हातातल्या सोन्यात दोर, मशाली, शिधा घ्यायचा आणि निघायचं. पात्र पाव तासात उभं राहतं. आता आपला रविवार पाहा. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, कुणाची अचानक लागलेली शिफ्ट, कुणाकडे पाहुणे, कुणी घोडबंदर रोडवर अडकलेला. पाच जणांच्या पूर्वायुष्यांत गुंफलेली लांब कथा अशा दिवशी एका माणसासाठी खोळंबते, आणि दोन-तीनदा खोळंबली की गटच विरतो. जुन्या खेळाची घडण गैरहजेरी गृहीत धरणारी आहे. गावातून निघायचं, भग्न वाड्याच्या तळघरात उतरायचं, टेबलावरून उठायच्या आत गावी परतायचं. जो आला तो गेला. जो आला नाही त्याचं पात्र धर्मशाळेत थांबलं. गायगॅक्स यांच्या ‘ग्रेहॉक’ या मोहिमेच्या टेबलावरही माणसं अशीच बदलत असत. तो खेळ मुळात येत्या-जात्या मंडळींसाठी रचला गेला आणि आपण तर येती-जाती मंडळीच आहोत.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘त्यात पात्रं पटापट मरतात.’ खरं आहे. पहिल्या पातळीवरच्या मांत्रिकाकडे प्राणबिंदू एक ते चार, आणि समोरच्या गॉब्लिनच्या तलवारीचा घाव सहा बाजूंच्या फाशाचा. पण त्याच पुस्तकातला दुसरा हिशेब जोडीनं वाचायला हवा. गॉब्लिन मारल्याचे अनुभवगुण पाच. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला लागतात दोन हजार. नुसते गॉब्लिन मारायचे तर एकट्यानं चारशे मारावे लागतील. उलट गावी आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक गुण. म्हणजे नियम स्वतःच सांगतो की लढू नका. चुकवा, फसवा, बोलणी करा, पळा. समोर आलेला जीव कसा वागेल हे दोन फासे ठरवतात: दोन पडले तर थेट हल्ला, बारा पडले तर मनापासून मैत्री, मध्ये संशय आणि चाचपणी. लढाई पेटलीच तर शत्रूच्या धीराचीही परीक्षा होते. त्याचा एक गडी पडला की तो पळूही शकतो. आणि मशाल जळते तासभर. नव्या खेळात प्रकाशाचा छोटा मंत्र हवा तितक्या वेळा म्हणता येतो, अंधार जवळपास शोभेपुरता उरतो; इथं अंधाराला वजन आहे, कारण हातातली मशाल संपते आणि पाठीवरच्या पिशवीत तिसरी मशाल घेतली की तेवढं सोनं कमी मावतं. मरण जवळ असल्यामुळे इथं दार उघडण्याआधी चौघं जण खरोखर विचार करतात. भीती आणि कुतूहल एकाच वेळी टेबलावर असणं, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा आनंद आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. नियम थोडे, म्हणजे डीएमची, खेळ चालवणाऱ्याची मनमानी. भिंत चढायची, पहारेकऱ्याला गंडवायचं, तर कौशल्यांची यादी नाही; सगळं त्याच्या निकालावर. इथं आपल्याच मातीतला पुरावा आठवावा. कोकणातल्या दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, पायपेटी आणि पखवाज सुरू होतात, आणि राजा, राक्षस, ऋषी रंगमंचावरच एकमेकांशी बोलत संवाद घडवतात. त्याला मनमानी कुणी म्हणत नाही, कारण कथा सर्वांना माहीत असते, समोरच्या नटाला उत्तर द्यावंच लागतं आणि प्रेक्षक जागा असतो. थोडे नियम असलेल्या खेळालाही अशीच शिस्त लागते. फासे सर्वांदेखत पडावेत, एकदा दिलेला निकाल वहीत लिहावा आणि पुढच्या खेपेला तोच लागू व्हावा. एवढं मात्र मान्य करायला हवं, की हट्टी डीएमच्या हाती जुनी पद्धत नव्या पद्धतीपेक्षा लवकर बिघडते. गटानं ज्याच्यावर विश्वास टाकावा, त्याच्याशिवाय कुणी हा प्रयोग मागूच नये.

आणि बोलणं. नव्या खेळात पात्राच्या कागदावर क्षमतांची इंग्रजी नावं भरगच्च असतात. खेळाडू आपली पाळी आली की त्यांतलं एक नाव उच्चारतो. जुन्या कागदावर उच्चारायला फारसं काही नसतंच, म्हणून ‘मी काठीनं फरशी ठोकून बघते, पोकळ वाजतीये का?’ असं मराठी वाक्य आपोआप येतं. मुलूखही आपला आणता येतो. १९८१ च्याच दुसऱ्या पुस्तकात प्रवासाचे नियम आहेत: दिवसाची चाल किती, शिधा किती, वाट चुकण्याची शक्यता किती. ते कल्याणलाच लावा. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासवर्णनात कल्याणच्या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणचे दाते सापडतात. तिथून माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई, आणि घाटाच्या माथ्यावर सातवाहनांचा लेख आजही आहे. खाडीवरून घाटमाथ्यावर तांडा पोचवायचा, वाटेत दरोडेखोर भेटले तर ते बोलतील की लढतील हे आधी दोन फाशांवर ठरेल. यासाठी नवं पुस्तक विकत घ्यावं लागत नाही, षट्कोनी चौकटींचा एक कागद पुरतो.

उरलेले आक्षेप लहान आहेत. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं रक्षण जास्त, ही जुनी रीत खरोखर गैरसोयीची आहे. तिचं समर्थन करत बसू नये. २०१९ च्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’मध्ये तोच खेळ नीट लावलेला मिळतो आणि चढत्या आकड्यांची सोयही आहे. ‘बेसिक फँटसी’ तर फुकट उतरवून घेता येतं. चालू असलेली लांब कथा, म्हणजे कॅम्पेन, मात्र मोडायला सांगू नये. मेगाब्लॉकमुळे दोघं येऊ शकत नाहीत, तो रविवार मागावा, आणि एकाऐवजी दोन मागावेत. पहिल्यात बहुतेक सगळे मरतात आणि दुसऱ्यात सावध होतात, खेळ कळतो तो दुसऱ्यात. तरीही गट नको म्हणाला तर आपल्या जुन्या पात्रांकडे आनंदानं परतावं, आणि एवढीच परवानगी मागावी की यापुढे वाटेत कुणी अनोळखी भेटला तर तलवार उपसण्याआधी ल्युडोच्या डब्यातले दोन फासे टाकले जातील.