मोठा मुतखडा आणि छिद्राची धास्ती

दोन सेंटिमीटरांहून मोठा मुतखडा पाणी पिऊन पडत नाही, हे वाक्य मी दवाखान्यात वर्षानुवर्षे उच्चारीत आलो आहे आणि दर वेळी समोरच्या चेहऱ्यावर निराशा उमटलेली पाहिली आहे. कुळथाचे कढण अवश्य घ्यावे; चवीला ते उत्तम असते. परंतु मूत्रवाहिनीची पोकळी जेमतेम 3-4 मिलिमीटरांची. बोराएवढा खडा तिच्यातून उतरणार कसा?

मग शस्त्रक्रियेचा विषय निघतो आणि कुटुंबे येथेच अडखळतात. शल्यविशारद बहुधा दोन नावे सांगतात. पीसीएनएलमध्ये पाठीवर सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र घेऊन दुर्बीण थेट मूत्रपिंडात नेतात, खडा फोडतात आणि तुकडे त्याच वाटेने बाहेर काढतात. आरआयआरएसमध्ये लघवीच्या नैसर्गिक मार्गाने लवचीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खड्याचा भुगा करतात. छेद कोठेही नसतो. "डॉक्टर, या वयात आईला भोक नको," असे मुले म्हणतात, ते मायेपोटीच.

तरीही वाचकहो, छिद्रापेक्षा आपण भुलीची संख्या मोजावी असे मला वाटते. लेसरची तार केसासारखी बारीक, खडा मोठा. काम सावकाश चालते. आणि फार वेळ आत पाणी सोडत राहिल्यास जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून मोठ्या खड्यासाठी दोन, कधी तीन बैठका लागतात. प्रत्येक बैठकीला पुन्हा भूल, पुन्हा उपाशी राहणे, पुन्हा साखरेची ओढाताण. पीसीएनएलमध्ये बहुतेकदा एकाच खेपेत मूत्रपिंड मोकळे होते. 2 सेंटिमीटरांवरील खड्यासाठी तिलाच सर्वसाधारणपणे प्रथम पसंती दिली जाते, ती यामुळे. ध्वनिलहरींनी खडा फोडण्याची पद्धत एवढ्या आकाराला सहसा उपयोगी पडत नाही. तुकडे मूत्रवाहिनीत रांगेने अडकून बसतात.

स्वीडनमध्ये 1976 साली फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी छिद्रातून खडा काढण्याची ही रीत प्रथम मांडली. त्यापूर्वी बरगडीखाली वीतभर चीर घ्यावी लागे. माझ्या इंटर्नशिपच्या काळातही ती चीर मी पाहिली आहे. ज्यांनी पाहिली, त्यांना सेंटिमीटरभर छिद्राचे फारसे भय वाटत नाही.

माझ्या एका 72 वर्षांच्या रुग्ण आजींना 3 सेंटिमीटरांचा खडा होता. मधुमेह होता, हृदय मात्र ठणठणीत. मुलाचा हट्ट लेसरचाच. मी त्याला एवढेच सुचवले, की शल्यविशारदांना बैठका किती लागतील ते विचारून ये. उत्तर आले, "दोन, कदाचित तीन." त्याने दोन दिवस विचार केला आणि पीसीएनएलला संमती दिली. आजी चौथ्या दिवशी घरी आल्या.

याउलट, शेजारच्या गल्लीतील एका गृहस्थांच्या हृदयात नुकताच स्टेंट बसवला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या थांबवणे शक्य नव्हते, आणि रक्तस्राव हाच पीसीएनएलचा मुख्य धोका. त्यांच्यासाठी लेसरच्या दोन बैठका हाच शहाणपणा होता. या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी आपसांत बोलूनच ते ठरवावे.

कोणतीही पद्धत निवडली, तरी आधी लघवीचे कल्चर करून जंतुसंसर्ग असल्यास तो आटोक्यात आणावा लागतो. त्यासाठी शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे गेली तर कुरकुर करू नका. नंतर मूत्रवाहिनीत बहुधा डीजे स्टेंट नावाची नळी काही आठवडे ठेवतात. तिच्यामुळे वारंवार लघवीला होते, जळजळते, कधी लघवी लालसर दिसते. वृद्ध माणूस रात्री चार वेळा उठतो. न्हाणीघराच्या वाटेवर दिवा राहू द्या. नळी काढण्याची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहा. विसरलेल्या नळीवर नवे खडे धरतात आणि ती काढणे हीच एक शस्त्रक्रिया होऊन बसते.

घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, तर तडक रुग्णालय गाठा. वृद्धांना कधी कधी ताप येतच नाही. ते नुसते गुंगीत जातात, असंबद्ध बोलू लागतात, जेवण नाकारतात. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नका.