चार पायांच्या खुणा

रत्नागिरी,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. छकुली हिस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा नेमकं नळाला पाणी आलं होतं, धड बोलता आलं नाही. म्हणून आज सावकाश लिहायला बसले आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात पाहिलेलं टेबल घेऊ का, हा तुझा प्रश्न. आणि नव्या वास्तूत लोकांचं वापरलेलं सामान कशाला, हा वहिनीचा. दोन्हींची उत्तरं देते.

आधी वहिनीचं. तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ज्या पलंगावर कोण किती दिवस आजारी होतं हे ठाऊक नाही, तो घरात आणायला कुणाचंही मन कचरेल. पलंगाच्या बाबतीत तिचं ऐक. गादी आणि कापडी सोफा तर जुना घेऊच नकोस. ढेकूण शिवणीत आणि फटीत दडून येतात आणि मग घर सोडत नाहीत. पण वहिनीला एक आठवण करून दे. तिच्या साड्या तीस वर्षं ज्या कपाटात आहेत, ते तुझ्या आजोबांनी बदली होऊन निघालेल्या एका मामलेदाराकडून घेतलं होतं. आपल्या घरात आलं तेव्हा तेही परक्याचंच होतं.

आता तुझं. मी ज्या टेबलावर हे लिहिते आहे, ते खालच्या आळीतलं एक घर पाडलं तेव्हा मिळालं. एक पाय निखळलेला, वर चुन्याचे ओघळ. आणखी दोन दिवसांनी ते कुणाच्या तरी बंबात गेलं असतं. सुतारानं ते अंगणात उलटं घातलं. मला वाटलं, आता हातोडीनं ठोकून पाय सुटे करणार. त्यानं चुलीवर पाणी तापवलं, फडकं भिजवून सांध्यांभोवती गुंडाळलं आणि विडा लावत बसला. अर्ध्या तासानं लाकडी मोगरीचे चार हलके ठोके दिले, आणि पायाचं टोक खाचेतून अलगद बाहेर आलं. सरसाचा तो ओलसर, कातड्यासारखा वास अंगणभर पसरला. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात; ऊब आणि ओल मिळाली की तो मऊ पडतो. सांधे म्हणूनच सुटले.

मग त्यानं मला पायांची टोकं दाखवली. एकावर पटाशीनं मारलेली एक बारीक चीर, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. वरच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर तशाच चिरा. प्रत्येक खाच हातानं कोरलेली, त्यामुळे एकीचं टोक दुसरीत नेमकं बसत नाही; कुठला पाय कुठल्या कोपऱ्याचा, हे त्या जुन्या कारागिरानं लिहून ठेवलं होतं. सांधा जुळला की त्या चिरा आत झाकल्या जातात. टेबल वापरणाऱ्याला त्या कधीच दिसणार नव्हत्या. त्या होत्या पुढे कधीतरी ते उघडणाऱ्या माणसासाठी.

छकुली, मला तुला एवढंच सांगायचं आहे. जुनं म्हणून काही घेऊ नकोस, स्वस्त म्हणूनही नको. जे पुन्हा उघडता येईल ते घे. जुन्या कारागिरांचा सरस उबेनं सुटतो, त्यांचं चपड्याचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं. हल्लीचे डिंक एकदा धरले की सांधा सुटण्याआधी लाकूड फाटतं. भुसा दाबून केलेल्या फळीत स्क्रू एकदा ढिला झाला की दुसऱ्यांदा नीट धरत नाही, आणि पाणी लागलं की ती कडेनं फुगते. त्या सामानाला बिघडल्यावर टाकून देण्यावाचून इलाज ठेवलेला नसतो.

टाकून देण्याआधी लाकडाचाही विचार कर. माझ्या टेबलाला सुतार बर्मा टीक म्हणतो. लहानपणी तुला थिबा पॅलेस दाखवायला नेलं होतं, आठवतं? ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे कसा आला, त्या गोष्टीत हे लाकूडच आहे. १८६३ साली स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान काढत असे. ओंडक्यांच्या हिशेबावरून थिबा राजाच्या दरबारानं कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना युद्धाला निमित्त मिळालं, १८८५ मध्ये राज्य गेलं. राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. आता ब्रह्मदेशानंही २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आहे. एवढी किंमत मोजून आलेलं लाकूड आपण जळणात घालतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बघायचं कसं. माझी पहिली खरेदी फसली होती, ती सांगते. सागवानी म्हणून मी एक काळंभोर चकचकीत कपाट घेतलं. समोरून सागवानीच होतं. आषाढात त्याच्याखाली रोज पिवळसर पिठाची रांग दिसायला लागली. पाठ आणि आतले कप्पे नव्या, हलक्या लाकडाचे, वरून रंगवलेले. त्यांत भुंगा होता. तेव्हापासून मी वस्तूचं तोंड शेवटी पाहते. आधी ती उलटी करायची. खण बाहेर काढून त्याची खालची आणि मागची बाजू टॉर्चनं बघायची. खणाच्या कोपऱ्यात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे लाकडाचे दाते असले तर काम जीव लावून केलेलं. नुसते खिळे असले तर विचार कर. भोकं दिसली तर घाबरू नकोस, वस्तूखाली कागद घालून ठोकून बघ. ताजी भुकटी पडली तर कीड आत जिवंत आहे, सोडून दे. टेबल डुगडुगत असेल तर ते सांध्याचं दुखणं, बरं होतं. आणि पैसे देण्याआधी तुमच्या जिन्याचं वळण मोजून घे.

पॉलिश कुठलं आहे ते कळायला एखाद्या झाकल्या जागी स्पिरिटचा बोळा घास. बोळा तपकिरी, चिकट झाला तर चपडा आहे. मग जुनं खरवडायची गरज नाही; धूळ-मेण पुसून नवा हात दिला की तो जुन्यात मिसळून जातो. हे काम आत्ता कर, उन्हं कोरडी आहेत तोवर. पावसाळी हवेत चपडा पांढुरका पडतो. त्यावर गरम चहाचा कप ठेवलास तरी पांढरं कडं उमटेल, खाली काहीतरी घालत जा. आणि पावसाळ्यात खण अडकला म्हणून रंधा मारू देऊ नकोस. लाकूड फुगलेलं असतं. दिवाळीनंतर तोच खण खुळखुळेल. कडांना मेणबत्ती घास, पुरे.

एका बाबतीत मात्र हयगय नको. टेबलावर जुना तैलरंग असेल तर तो घरात कोरडा घासू नकोस. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात शिसं कितीही असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूला अपाय होतो. आणि तुझी छोटी आता रांगत रांगत जे दिसेल ते तोंडात घालते आहे. असा रंग असेल तर ते टेबल राहू दे, दुसरं मिळेल.

घेतलंस तर सुतारापाशी बसून ते उघडताना बघ. त्याला घाईनं खिळे ठोकू देऊ नकोस. सांधा खिळ्यानं आवळला की पुढच्याला तो फोडावाच लागतो. पायांच्या टोकांवर चिरा सापडल्या तर त्यांवर पॉलिश पेपर फिरवू नकोस. पुसट झाल्या असतील तर पटाशीनं पुन्हा मारून घे. पन्नास वर्षांनी छोटीनं ते टेबल उघडायला काढलं, तर कुठला पाय कुठे बसतो हे तिला कळायला हवं.

दादा-वहिनीस नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
आत्या