ऑपरेशनची गरज नाही

तालुक्याच्या गावात तीस-पस्तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली की डोकं आपटलेला माणूस कसा तपासायचा हे हाताला पाठ होतं. डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितलं तसे हातपाय हलवतो का. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली याच तीन गोष्टी मोजायची पद्धत मांडली. तिच्यात आता गुण देतात: सगळ्यात कमी ३, पूर्ण शुद्धीवर १५. १३ किंवा त्यावर असेल तर इजा सौम्य गटात जाते. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी यांवर लक्ष ठेवा, असं नातेवाइकांना बजावायचं आणि पुढचा पेशंट आत घ्यायचा.

माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला तेव्हा त्याला १४ गुण होते. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, त्यामुळे ते सुखरूप राहिलं.

सीटी स्कॅनमध्ये कपाळामागच्या मेंदूत, खालच्या अंगाला, रक्ताचे लहान ठिपके दिसले. न्यूरोसर्जन म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. मी घरी फोन करून सगळ्यांना हेच सांगितलं आणि स्वतःही त्यावर विसंबून राहिलो. डिस्चार्ज कार्डावर पुन्हा दाखवायला या, असं लिहिलं होतं. पण घरात डॉक्टर असताना आणखी कुठे दाखवायचं? महिनाभरात जखम भरली, चालणं-बोलणं पूर्ववत झालं, तसं मीच त्याला फिटनेस सर्टिफिकेट दिलं. घरी बसून माणूस जास्त आजारी पडतो, हे माझं लाडकं मत. तो पतसंस्थेत कॅशियर होता. पुन्हा काउंटरवर बसू लागला.

पहिली तक्रार आली ती जेवणाची. त्याला कशालाच चव लागेना. आमटीला फोडणी दिली आहे की नाही, असं विचारत ताट सरकवायचा. पूर्वी आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. भावजय एकदा दवाखान्यात येऊन म्हणाली, "दादा, काल दूध करपलं, घरभर वास झाला. हे स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते, पण गॅस बंद केला नाही." मी तिला सांगितलं, त्याला फार लाडावून ठेवू नकोस.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यांतली पहिली वासाची. तिचे बारीक तंतू नाकाच्या छतावरच्या सच्छिद्र हाडातून वर जातात आणि डोक्याला जोराचा हिसका बसला तर तिथेच तुटू शकतात. त्याच्या लगेच वर मेंदूचा जो भाग टेकलेला असतो, तो माणसाचा राग, संयम आणि तारतम्य सांभाळतो. म्हणजे वास गेला असेल तर त्या भागालाही मार बसल्याची शंका घ्यायची. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. प्रत्यक्षात आम्ही बहुतेक डॉक्टर पहिली नस तपासतच नाही, दुसरीपासून सुरू करतो. हिंगाची डबी त्याच्या नाकाखाली धरायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी ती धरली नाही.

त्याची चिडचिड वाढली, झोप बिघडली, तेव्हा मी झोपेच्या गोळ्या सुरू केल्या. आधीच मंदावलेला मेंदू त्यांनी आणखी सुस्त झाला. आता तो अंघोळीलाही सांगितल्याशिवाय उठेना. त्याला मी आळस म्हणालो, चारचौघांत म्हणालो.

मग कॅशमध्ये तूट आली. नोटा मोजताना कुणी काही विचारलं की त्याची मोजणी तुटायची, आणि कुठपर्यंत आलो होतो हे सांगायची त्याला लाज वाटायची. रक्कम फार नव्हती, पण पतसंस्थेत तूट ही तूटच. पैसे मी भरले. परत येताना गाडीत त्याला विचारलं, "कुठे घातलेस?" तो म्हणाला, "दादा, खरंच आठवत नाही." मी विश्वास ठेवला नाही. त्यानंतर त्याने तो विषय माझ्यापाशी कधीच काढला नाही.

शेवटी भावजयीच्या भावाने, माझं न ऐकता, त्याला पुण्याला नेलं. तिथे न्यूरोसायकॉलॉजिस्टने कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं जोडायला दिली: १, मग अ, मग २, मग आ. नुसते आकडे त्याने झरझर जोडले. दोन्ही एकत्र आले की पेन थांबायचं. बुद्धी शाबूत होती, दोन कामं एकदम धरता येत नव्हती. स्कॅनमध्ये रक्त दिसतं, हाड मोडलेलं दिसतं. ताणले गेलेले मज्जातंतू बहुतेक वेळा दिसत नाहीत. एवढं सगळं त्यांनी भावजयीला समजावून सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो.

माझ्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टने दिनक्रम बांधून दिला: एका वेळी एक काम, ते लिहून समोर ठेवायचं, मोबाइलचा गजर लावायचा, आणि थकायच्या आधी विश्रांती घ्यायची. घरातल्यांना सांगितलं की रागाला उत्तर देऊ नका, खोली बदला. सुधारणेचा मोठा भाग साधारण पहिल्या सहा महिन्यांत पडतो. त्यातले बरेचसे मी सर्टिफिकेटात आणि गोळ्यांत घालवले होते. नंतरही फरक पडतो, पडलाही, पण सावकाश.

फिनिआस गेजची गोष्ट मेडिकलच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत असते. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर लोखंडी पहार त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागातून आरपार गेली, तो जगला, पण स्वभाव बदलला. मीही ती अनेकांना रंगवून सांगितली आहे. तोच गेज पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे मला फार उशिरा कळलं. ठरलेल्या, रोजच्या कामाने तो सावरला असावा, असं काही अभ्यासक मानतात.

भाऊ आता एका मित्राच्या गोडाऊनमध्ये मालाची नोंद ठेवतो, अर्धा दिवस. वास परत आला नाही. गॅस भावजय बघते. पतसंस्थेच्या कागदोपत्री मात्र त्याच्या राजीनाम्यामागचं कारण निष्काळजीपणा असंच आहे. ते बदलावं म्हणून मी माझ्या लेटरहेडवर पत्र दिलं आहे. अपघातानंतर त्याला कामावर जाण्यास योग्य ठरवणारं सर्टिफिकेट माझं होतं आणि ते चुकीचं होतं, असं त्यात लिहिलं आहे. संचालक मंडळाचं उत्तर अजून आलेलं नाही.