आपलेच पुस्तक तपासणारा उस्ताद

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला 'क़ाफ'ने छळलेले असते. मूल 'क़लम' म्हणायला जाते आणि तोंडातून 'कलम' निघते. आवाज काढायची जागा घशाशी, पडजिभेजवळ. ती बोट ठेवून दाखवता येत नाही. जे दिसत नाही ते शिकवायचे कसे? फिलिप फार्कस या अमेरिकन हॉर्नवादकाबद्दल वाचताना मला हाच सवाल भेटला.

हॉर्न हे पितळेच्या नळीचे, वेटोळे घातलेले पाश्चात्त्य वाद्य. नळी सरळ केली तर सुमारे १२ फूट भरते. आवाज निघतो तो ओठांच्या थरथरीतून. वरच्या पट्टीत सूर इतके जवळजवळ बसलेले, की ओठ जरा ढळले तरी भलताच सूर लागतो. आणि हे ओठ तर माउथपीसखाली झाकलेले!

फार्कस १९१४ साली शिकागोत जन्मले. १९३६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे पहिले हॉर्नवादक झाले. पुढे क्लीव्हलँड, बॉस्टन आणि पुन्हा शिकागो. १९६० मध्ये ही मानाची खुर्ची सोडून ते इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेले आणि १९८४ पर्यंत तिथेच राहिले. 'दुसरे काही जमले नाही म्हणून बी.एड. केले,' असे टोमणे ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट सुखावते. पण मला मोठी वाटली ती त्यांची दुसरीच गोष्ट.

१९५६ मध्ये हॉर्नवादनावर त्यांचे पुस्तक आले. जगभरचे विद्यार्थी ते प्रमाण मानू लागले. त्यात त्यांनी सांगितले होते की, खालचा जबडा पुढे आणावा म्हणजे फुंकर माउथपीसमध्ये सरळ जाते. पुढे त्यांनी माउथपीसची नुसती कडा ओठांवर टेकवून वादकांचे फोटो घेतले. झाकलेले ओठ दिसू लागले, आणि फुंकर सरळ नव्हे, खाली वळते असे आढळले. १९६२ च्या पुस्तकात त्यांनी आपले मत बदलले. तेवढ्यावरही न थांबता ४० नामवंत हॉर्नवादकांचे ओठ तपासून १९७० मध्ये ते फोटो छापले. ४० पैकी ३९ जणांची फुंकर खालीच जात होती.

ज्याच्या पुस्तकाला लोक सनद मानतात, त्याने स्वतःच्या शब्दाची अशी झडती घेणे सोपे नाही. आपल्याकडे 'किताबमध्ये लिहिले आहे' म्हटले की वर्गातला सवाल मिटतो. उस्तादाचा मान राखायचा तर मुलाने गप्प बसावे, असे आपण गृहीत धरतो. फार्कसचा मान मात्र मत बदलल्याने घटला नाही. १९९२ मध्ये ते गेले; त्यांची पुस्तके आजही अभ्यासली जातात.

पाठाच्या टाचणात मूल्यमापनाचा रकाना असतो. मुलांना काय आले ते आपण तिथे लिहितो. आपण सांगितलेले खरे ठरले का, हेही त्याच रकान्यात लिहायला हवे.