गाडी गिअर मागतेय!

आधी एक कबुली देऊन टाकते. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे, चांगलं नऊ वर्षांचं जुनं आहे, आणि गेल्या वर्षापर्यंत मला गिअरची गाडी चालवता येत नव्हती. हसू नका! तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही माझ्यासारखे बरेच जण सापडतील. आपल्याकडे टू-व्हीलरच्या लायसन्सवर 'विदाउट गिअर' असा वेगळा प्रकार असतो, कारला तशी भानगड नाही. ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत क्लच-ब्रेकची दुसरी जोडी सरांच्या पायाखाली होती, त्यामुळे गाडी नेमकी कोण चालवत होतं हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे पुण्यात स्कूटी, आणि लांब जायचं असेल तर मैत्रिणीची ऑटोमॅटिक. २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि बजेटमधल्या गाडीतही डावा पाय रिकामा झाला. मग शिकायचं कशाला?

आता यातली खरी लाजिरवाणी गोष्ट. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तब्बल तीस वर्षं.

बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. अठराव्या वर्षी जयगडला, आमच्या अल्टोमध्ये, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी स्टिअरिंगवर, बाबा शेजारी. त्यांचा उजवा पाय सारखा समोरच्या पत्र्यावर आपटायचा, तिथे नसलेला ब्रेक दाबायला. मी गाडी बंद पाडायची, ते ओरडायचे, ते ओरडले की मी पुन्हा बंद पाडायची. तिसऱ्या दिवशी मी चावी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, मला नाही शिकायचं. ते "बरं" म्हणाले. विषय दहा वर्षं बंद.

गेल्या वर्षी बाबांनी अल्टो फाटकाला घासली. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. ज्या माणसाने आख्खी बस रत्नागिरी स्टँडच्या गर्दीतून अलगद बाहेर काढली, त्याला स्वतःच्या फाटकाचा खांब दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. समोरचं नीट दिसतं, पण कडेचं हळूहळू जातं, आणि गेलेलं परत येत नाही. ड्रॉप्स आयुष्यभर घालायचे, दर तीन महिन्यांनी रत्नागिरीला तपासायला यायचं आणि गाडी बंद.

मी जूनमध्ये लॅपटॉप घेऊन महिनाभर घरी गेले. फ्रीलान्सिंगचा तेवढाच फायदा! घरात कोणीच काही बोलत नव्हतं, पण रोज संध्याकाळी बाबा अंगणात जायचे, अल्टोवरची ताडपत्री काढायचे, आत बसून इंजिन सुरू करायचे आणि दहा मिनिटांनी बंद करून परत यायचे. "बॅटरी उतरते," इतकंच म्हणायचे. गाडी जागची हलायची नाही. हे मी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मला ते बघवेना.

पण बाबांच्या शेजारी बसून पुन्हा शिकायचं? छे! हिंमतच नव्हती. मग डोक्यात आला माझ्या धाकट्या भावाचा प्ले-स्टेशन.

भाऊ बंदरात शिफ्टमध्ये काम करतो आणि उरलेल्या वेळात 'ग्रान टुरिस्मो ७' खेळतो. त्याने सेकंडहॅन्ड स्टिअरिंग घेतलंय, लॉजिटेकचं जी २९. सोबत तीन पेडल आणि वेगळा घ्यावा लागणारा गिअरचा दांडा. म्हणजे अगदी क्लचसकट सगळा संसार! या गेमची पोचही साधी नाही बरं का. २०११ मध्ये यान मार्डनबरो नावाचा एक ब्रिटिश पोरगा याच गेमची स्पर्धा जिंकून खऱ्या रेसिंगमध्ये गेला आणि २०१३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये त्याच्या टीमने आपल्या गटात तिसरा नंबर काढला. माझं टार्गेट ल मान्स नव्हतं. मला जयगड ते रत्नागिरी जायचं होतं.

भावाने मला सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट दिली आणि जपानमधला सुकुबाचा ट्रॅक. ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, पण वळणं अशी की गिअर सतत खाली-वर करावे लागतात. ऑटोमॅटिकवर माझी लॅप आली १ मिनिट १९ सेकंद. मग मॅन्युअल लावून क्लच हाती, सॉरी, पायी घेतला. १ मिनिट ३४! तिसऱ्याऐवजी पाचवा पडला, वळणावर पूर्ण न्यूट्रल झाली, एकदा तर दांड्याकडे बघायच्या नादात गाडी थेट वाळूत. गंमत म्हणजे मला त्याचं काही वाटलं नाही. कोणी ओरडत नव्हतं. रीस्टार्ट दाबा, पुन्हा सुरू. अठराव्या वर्षी मला हेच हवं होतं बहुतेक, एक रीस्टार्टचं बटण.

तिसऱ्या रात्री पडवीतून आवाज आला.

"काय गो, ऐकू येत नाय का तुला? गाडी गिअर मागतेय."

बाबा आत आलेही नव्हते. खुर्चीत बसून नुसतं ऐकत होते. मी म्हटलं, बाबा, स्क्रीनवर काटा दिसतो, लाल झाला की टाकते. "काटा बघशील तर रस्ता कोण बघणार?" म्हणत ते आत आले आणि भावाला म्हणाले, "ते काट्याचं झाक." भावाने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि चिकटपट्टीने टीव्हीच्या खालच्या पट्टीवर लावला. गेला काटा, गेला गिअरचा आकडा. उरला फक्त इंजिनाचा आवाज.

पहिली रात्र भयंकर गेली. मग हळूहळू कानाला समजायला लागलं. आवाज चढत जातो, एका जागी येऊन ताणतो, तिथे वरचा गिअर. आवाज दबला, गाडी कण्हायला लागली की खालचा. सुरुवातीला बाबा गिअर फार लवकर टाकायला सांगायचे आणि त्यांच्या हिशोबाने माझी लॅप दोन सेकंदांनी वाढायची. मी तसं सांगितल्यावर जरा गप्प बसले. मग म्हणाले, "ही पळवायला केलेली गाडी. आमची माणसं न्यायला." डिझेल बसचं इंजिन खालीच जोर देतं, पेट्रोलच्या गाडीला वर चढू द्यावं लागतं. ते दोन रात्री ऐकत राहिले आणि तिसऱ्या रात्रीपासून स्विफ्टचा नेमका क्षण माझ्याआधी सांगायला लागले. बासष्टाव्या वर्षी, न बघता!

मग गप्पा निघाल्या. सुरुवातीच्या त्यांच्या गाड्यांना डबल क्लच मारायला लागायचा, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, सोडून इंजिनाला रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. आतल्या दोन चाकांची गती जुळली नाही तर अशी करकर व्हायची की मागची सगळी बस जागी. "ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतरायचा," हेही त्यांचंच. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत, इंजिनाने गाडी अडवायची. हा फंडा मी सुकुबाच्या वळणांवर वापरला. ब्रेक, खालचा गिअर, वळण. दोन आठवड्यांनी, पुठ्ठा तसाच असताना, लॅप आली १ मिनिट १६. ऑटोमॅटिकपेक्षा तीन सेकंद कमी. भाऊ म्हणाला, "ताई, सॉलिड!" बाबा म्हणाले, "उद्या सकाळी आठला निघू. डोळ्यांची तारीख आहे."

भावाची पहिली शिफ्ट होती. म्हणजे गाडी मीच चालवायची.

सांगते, गेम सगळं शिकवत नाही. गेममध्ये माझी गाडी एकदाही बंद पडली नव्हती. अल्टो आमच्या फाटकातच दोनदा पडली. क्लच नेमका कुठे धरतो हे पायाच्या तळव्याला कळावं लागतं, आणि ते प्लॅस्टिकच्या पेडलला माहीतच नाही. शिवाय खऱ्या रस्त्यावर शेळ्या असतात. पण कान तयार होता. मालगुंड गेलं, गणपतीपुळे गेलं, दुसरा-तिसरा आपोआप पडत होते. शेजारी बाबांचा उजवा पाय मात्र पूर्वीसारखाच पत्र्यावर.

आरे-वारेच्या चढावर, एका बाजूला समुद्र आणि पाऊस भुरभुरत असताना, पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी थांबले आणि गाडी बंद. आरशात बघते तर मागे एसटी! हातापायांना घाम. आता बाबा ओरडणार, असं वाटलं.

बाबा हळूच म्हणाले, "तो नाय हॉर्न वाजवायचा. ड्रायव्हर आहे तो, त्याला कळतं. हॅन्डब्रेक ओढ. क्लच सोडत ये... आवाज जड झाला? आता सोड हॅन्डब्रेक."

आवाज जड झाला. मला ऐकू आला. गाडी एक इंचही मागे न जाता वर चढली, आणि मागच्या एसटीने खरंच हॉर्न वाजवला नाही.

दवाखान्यात बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घातल्यामुळे परतताना बाबांना उजेड सहन होत नव्हता. काळा चष्मा लावून गप्प बसले होते. जयगड जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "बाबा, झोपलात?"

"नाय. ऐकतोय."

मी खाली बघितलं. त्यांनी चप्पल काढून उजवा पाय वर, मांडीखाली घेतला होता.