सेहेचाळीस नंबरची आज्ञा

कार्यालयातल्या संगणकाचा संशय आला की आम्ही त्याची केबल काढतो. बाजूला ठेवतो, तपासतो. कुणाचं काम दोन तास अडलं तर अडलं. वीज उपकेंद्रात हे चालत नाही. ज्या पेटीवर माझा संशय असतो, तिच्यामार्फतच भार प्रेषण केंद्राला कळत असतं की कोणत्या फीडरवर किती मेगावॅट आहेत आणि कोणता ब्रेकर ओपन आहे. ती बंद केली तर ऐरोलीच्या त्या केंद्रात पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ते उपकेंद्र दिसेनासं होतं. त्यामुळे सरकारी सायबर सुरक्षा कक्षातून वीज क्षेत्राच्या कामावर आले, तेव्हा मला आधी माझी घाई सोडावी लागली. माहिती गुप्त राहिली पाहिजे, हा आमच्याकडचा पहिला धडा. इथे आधी पुरवठा चालू राहिला पाहिजे, आणि यार्डात काम करणारा माणूस सुखरूप घरी गेला पाहिजे.

तपासणीची रीतही वेगळी. कार्यालयीन नेटवर्कवर आम्ही सर्रास चालवतो तो स्कॅन इथे चालवला, तर जुना आरटीयू, म्हणजे माहिती पाठवणारी तीच पेटी, त्या प्रश्नांच्या माऱ्याने अडकून पडू शकतो. म्हणून आम्ही काही विचारत नाही, नुसतं ऐकतो. नेटवर्क स्विचच्या एका पोर्टवर सगळ्या संदेशांची नक्कल घ्यायची आणि तासन्‌तास बघत बसायचं.

उपकेंद्र आणि नियंत्रण केंद्र ज्या भाषेत बोलतात तिला आमच्यात ‘वन-ओ-फोर’ म्हणतात. ती २००० साली प्रमाण झाली. तिच्यात प्रत्येक संदेशाला प्रकार-क्रमांक असतो. ३६ म्हणजे मोजमाप: व्होल्टेज, मेगावॅट, फ्रिक्वेन्सी. दिवसभर बहुतेक हेच वाहत असतं. ४६ म्हणजे आज्ञा, ब्रेकर ओपन कर नाहीतर क्लोज कर. आज्ञा देणारा तू कोण, हे विचारायची सोय मूळ भाषेत नाहीच. बंदिस्त तारांवर ओळखीचीच माणसं बोलणार, असं तेव्हा गृहीत होतं. २४०४ नंबरच्या पोर्टपर्यंत आज कुणी परका पोचला आणि मध्ये दुसरा अडसर नसला, तर त्याचीही आज्ञा पाळली जाऊ शकते.

घाटमाथ्यावरच्या एका २२० केव्ही उपकेंद्रात अशीच ऐकत बसले होते. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास छत्तीसांच्या ओळींमध्ये एक ४६ आला. मी तशीच उठून नियंत्रण कक्षात गेले.

“काका, आत्ता कुणी ब्रेकर चालवला का?”

“हो मॅडम, वरूनच चालवला. कपॅसिटर बँक घेतली. संध्याकाळचा लोड चढायला लागला, व्होल्टेज पडत होतं.” यंत्रचालक काकांनी लॉगबुक माझ्याकडे वळवलं. निळ्या शाईत वेळ लिहिली होती, १८.१७. माझ्या संदेशावर १८.१५.

“भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे. चारही शिफ्ट तेच धरून चालतात, म्हणून कुणी हात लावत नाही.”

वेळेच्या पुढच्या रकान्यात एक आकडा होता. तो कोड. ब्रेकर चालवायचा तर नियंत्रण केंद्राशी आधी फोनवर बोलणं होतं, तिकडून कोड मिळतो, दोन्हीकडे तो लिहिला जातो, मग ब्रेकर हलतो. फोनवरचा आवाज ओळखीचा नसला तर काका नाव, पदनाम विचारतात आणि उलटा फोन लावतात. जो प्रश्न यंत्रांच्या भाषेत कुणी घातलाच नाही, तो हा माणूस नोकरीभर विचारत आला होता. आमच्या आधी कितीतरी वर्षं इथे सुरक्षा होती, आणि ती आमच्या कुठल्याच अहवालात नव्हती.

त्या दिवसापासून माझं काम सोपं झालं असं नाही, पण त्याला दिशा आली. पकडलेला प्रत्येक ४६ लॉगबुकातल्या कोडशी ताडून बघायचा. ज्याला कोड नाही, त्याचा छडा लावायचा. बहुतेक वेळा रिले टेस्टिंगचं पथक निघतं. परमिट असतं, फोन राहून गेलेला असतो. तरी कागद हाती येईपर्यंत मी ती नोंद मिटवत नाही.

हे अति वाटत असेल, तर युक्रेनमध्ये काय झालं ते ऐका. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी तिथल्या तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत हल्लेखोर दुरून शिरले. पडद्यावरचा माऊस आपोआप फिरतोय आणि एकेक ब्रेकर ओपन होतोय, हे ऑपरेटर डोळ्यांनी बघत होते. त्यांच्या हातात काही राहिलं नव्हतं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोर कित्येक महिने आधी आत आले होते, ईमेलला जोडलेल्या साध्या ऑफिस फाइलमधून. उपकेंद्रांशी बोलणारी उपकरणंही त्यांनी निकामी करून ठेवली. वीज परत आली ती काही तासांत, कारण माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर क्लोज केले. पुढच्याच डिसेंबरात कीव्हजवळच्या उपकेंद्रावर जे मालवेअर सोडलं गेलं, ते स्वतःच वन-ओ-फोर बोलत होतं. माऊस फिरवायलाही कुणी लागलं नाही.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे रुग्ण असलेली रुग्णालयं जनरेटरवर गेली. २०२१ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने सायबर विभागाच्या अहवालावरून घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. मी त्या वादात शिरत नाही. पण असा वाद मिटवायला नोंदी लागतात, आणि जुन्या उपकरणांत जागा भरली की नव्या नोंदी जुन्यांवर बसतात. म्हणून कुठेही गेले की माझा पहिला आग्रह असतो: नोंदी लगेच बाहेर, वेगळ्या ठिकाणी साठवा, आणि सगळ्या उपकरणांची घड्याळं जीपीएसला जोडा. 

एका ठिकाणी पॅनलच्या मागे, केबलच्या गुंत्यात, अँटेना असलेली काळी डबी सापडली. सिमकार्डावर चालणारा राउटर. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून लावलेला, कुठल्याही नकाशात नसलेला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली हवी. मी काढायला सांगितला. तिथले उपकार्यकारी अभियंता शांतपणे म्हणाले, “मॅडम, रात्री दोनला काही अडकलं तर त्यांचा माणूस यायला सकाळ उजाडते. तोवर तालुका अंधारात ठेवू?”

या प्रश्नाला नियमाची प्रत दाखवणं हे उत्तर नव्हे. राउटर काढला, पण त्याच दिवशी दुसरी वाट ठरवली. वीज कंपनीच्या स्वतःच्या बंदिस्त लाइनवरून येणारी, एरवी बंद. तिचा स्विच कुलपात, किल्ली शिफ्टच्या यंत्रचालकाकडे. दुरुस्तीवाल्याने फोन करायचा, कोड घ्यायचा, यंत्रचालकाने लॉगबुकात लिहून वाट उघडायची, काम संपलं की बंद करून वेळ टाकायची. पद्धत काकांचीच, मी फक्त ती दुसऱ्या दाराला लावली.

आता उपकेंद्रं माणसांविना, दुरून चालवण्याकडे कल आहे. पैसा वाचतो, अपघात कमी होतात, या गोष्टी मला मान्य आहेत. पण अशा प्रत्येक प्रस्तावावर मी दोन गोष्टी लिहून मागते. अर्ध्या तासात पोचू शकेल असा, हाताने ब्रेकर चालवता येणारा माणूस, नावासकट. आणि वर्षातून एकदा सरावाला स्काडाची, म्हणजे दुरून नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेची, लिंक तोडून, फक्त फोन आणि लॉगबुकावर ते उपकेंद्र चालवून दाखवणं. गेल्या खेपेला एका अधीक्षक अभियंत्यांनी विचारलं, हे कोणत्या कलमात आहे? मी म्हटलं, सध्या माझ्या शेऱ्यात आहे, आणि तो शेरा मी मागे घेणार नाही. त्यांनी फाइल ठेवून घेतली. सरावाची तारीख अजून कळवलेली नाही. दर सोमवारी मी फोन करते.