परतीची वेळ

मागल्या पौषात आमच्या शेजारच्या घरी वर्षश्राद्ध होते. गृहस्थ आमचे जुने स्नेही. त्यांच्या माघारी घर चालते ते थोरल्या मुलीच्या पगारावर. ती एका खाजगी विमानकंपनीत केबिन क्रूमध्ये आहे. वडीलधाऱ्यांच्या भाषेत हवाई सुंदरी. हा शब्द तिला रुचत नाही. ‘सर, सुंदरी म्हटले की काम दिसेनासे होते,’ असे ती एकदा म्हणाली, आणि जन्मभर भाषा शिकवूनही आम्हांस त्यावर उत्तर सुचले नाही.

तिचा तीन दिवसांचा दौरा श्राद्धाच्या दोन दिवस आधी मुंबईत संपणार होता. पंजाब मेलचे तिकीट काढलेले होते. पहाटे स्टेशनावर आणावयास धाकटा भाऊ जाणार होता. परतीच्याच दिवशी उत्तरेत दाट धुके पडले, विमाने जागच्या जागी अडकली आणि दौरा एका दिवसाने वाढल्याचा निरोप तिला आला. दुसऱ्या दिवशी आणखी एका दिवसाने वाढला. कारण आता दुसऱ्या कोणाची जागा भरून काढावयाची होती. इकडे पिंडदान चालले असता ती परक्या शहरातील हॉटेलात गणवेश चढवून पुढच्या हुकमाची वाट पाहत बसली होती. पाने मांडल्यावर तिच्या आईने उगाचच दारापर्यंत एक फेरी मारली, ती आमच्या नजरेतून सुटली नाही.

पुढे दहा-बारा दिवसांनी ती घरी आली, तेव्हा आपला नोकरीचा करार घेऊन आमच्याकडे आली. ‘सही करताना वाचलाच नव्हता, सर. तुम्ही वाचून सांगा.’ आम्ही चष्मा पुसून बसलो. कायद्याचे इंग्रजी हे एक निराळेच इंग्रजी असते. तरी दोन संध्याकाळी खर्ची घालून अर्थ लावला. वेळापत्रक, ज्याला ते लोक रोस्टर म्हणतात, कामाच्या गरजेनुसार कंपनी केव्हाही बदलू शकेल, एवढे स्वच्छ लिहिले होते. दौरा किती दिवसांपर्यंत वाढू शकेल, सूचना किती आधी मिळेल, गेलेली सुट्टी परत मिळेल की नाही, याविषयी अक्षर नव्हते. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर. हॉटेलात ताटकळण्याबद्दल जेवणखर्चापुरता भत्ता.

मुलगी तक्रारखोर नव्हे. ‘धुक्यात विमान कसे उडणार? थांबायला हवे होते, थांबले. पण त्या दोन दिवसांचा हिशेब कोणाकडे?’ एवढाच तिचा प्रश्न होता.

आमचे गाव वाटेवरचे आहे. येथे जाणे-येणे सर्वांच्या परिचयाचे. मराठी सैन्याची जुनी रीत दसऱ्याला सीमोल्लंघन करून पावसाळ्यापूर्वी छावणीस परतण्याची होती. शिपायाच्या घरी ती वेळ ठाऊक असे. सदाशिवरावभाऊंची स्वारी १७६० च्या वसंतात बुऱ्हाणपुरावरूनच उत्तरेस गेली. तो पावसाळा उत्तरेतच सरला, आणि पुढच्या संक्रांतीस पानिपतावर काय झाले ते प्रत्येक मराठी घर जाणते. ती गोष्ट कराराची नव्हे, हे खरे. पण परतीची वेळ हुकली की घरे कशी वाट पाहतात, हे आमच्या लोकांना नव्याने शिकावे लागत नाही.

पुढे गिरण्या आल्या, आणि परतीची वेळ कायद्यात शिरली. आमच्या लहानपणी ताप्ती मिलचा भोंगा झाला की पाळी सुटली हे साऱ्या गावाला कळे. त्यानंतर कामगाराला थांबवून घेतले तर १९४८ च्या कारखाना कायद्याने त्या वेळेची मजुरी दुपटीने द्यावी लागे. दुप्पट दराचे हे तत्त्व नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही टिकले आहे. जादा काम घेऊ नये असे कायदा म्हणत नाही. ते फुकट घेऊ नये आणि अमर्याद घेऊ नये, एवढेच म्हणतो.

पण विमानातील मुलीप्रमाणेच ज्याचे कामच धावण्याचे, त्याचे काय? आमच्या भुसावळ-खांडवा मार्गावर हा प्रश्न जुना आहे. मालगाडी सिग्नलला तासन् तास उभी राही, आणि गाडी मुक्कामी पोहोचेतो चालक व गार्ड कामावरच असत. ऑगस्ट १९७३ मध्ये देशभरच्या इंजिन-कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा कामाची पाळी दहा तासांची असावी ही त्यांची प्रमुख मागणी होती. सरकारने ती मान्य केली. तिची अंमलबजावणी हा मात्र पुढे दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. १९८९ च्या रेल्वे कायद्यात धावत्या गाड्यांवरील कर्मचाऱ्यांस दरमहा सलग तीस तासांच्या किमान चार, अथवा सलग बावीस तासांच्या किमान पाच विश्रांती द्याव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. गाडी उशिरा पोहोचणे कोणाच्या हाती नसते; पोहोचल्यावर माणसाला काय मिळावे, हे मात्र लिहून ठेवता येते.

विमानाच्या क्षेत्रातही नियम नाहीत असे नाही. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने वैमानिक व केबिन क्रू या दोहोंच्या कामाच्या तासांस व विश्रांतीस मर्यादा घातल्या आहेत. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेणाऱ्या नियमावलीचा पुढचा टप्पा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि डिसेंबरच्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रवाशांचे अतोनात हाल झाले. आमच्या मनात मात्र एकच विचार आला : माणसांना बारा तास अधिक झोप द्यावयाची म्हटल्यावर जे वेळापत्रक कोसळते, ते आजवर कशावर उभे होते? तथापि हे नियम मुख्यतः प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. थकलेल्या माणसाने विमानात काम करू नये, हे ते पाहतात. त्याच्या वडिलांचे श्राद्ध चुकू नये, हे पाहण्याचे काम कराराचे.

आणि करारात काय असावे, यासाठी माणसांना भांडावेच लागले आहे. कॅनडात ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी संप केला. विमान जमिनीवर असताना केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. सरकारने हस्तक्षेप केला, तरी चार दिवसांत झालेल्या समझोत्यात जमिनीवरील कामाला मोबदला देण्याचे तत्त्व आले.

आपल्याकडील लढाई याहून जुनी. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना एके काळी पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झाल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, निवृत्त व्हावे लागे. पस्तिशीनंतर मुदत वाढविणे हे व्यवस्थापकीय संचालकांच्या इच्छेवर होते. नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी गर्भारपणाची अट रद्द केली. लग्नाची अट न्यायालयाने राहू दिली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु संचालकांचा तो निरंकुश अधिकारही न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. कोणते निकष लावून मुदत वाढवावी, हे कोठेच सांगितलेले नाही, असा त्यामागील आशय.

हे वाचताना आम्ही थबकलो. मुलीच्या करारातील ‘कामाच्या गरजेनुसार’ हे शब्द आम्हांस कोठेतरी भेटलेले वाटत होते. मग आठवले. ते आम्हीच लिहिले होते.

मुख्याध्यापक होऊन आम्हांस फार दिवस झाले नव्हते. शाळेची सहल मांडूला गेली होती. शनिवारी रात्री परतावयाची, ती बस नादुरुस्त झाल्याने रविवारी रात्री परतली. मुलींबरोबर गेलेल्या बाईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सोमवारी बाई वेळेवर हजर झाल्या आणि गेलेल्या रविवारच्या बदली त्यांनी एक दिवसाचा प्रतिकर अवकाश मागितला. आम्ही अर्जावर ‘शालेय कार्याची गरज, अमान्य’ असा शेरा मारला, आणि वर ऐकविले, ‘बाई, शिक्षकाने घड्याळाकडे पाहू नये.’ हे वाक्य त्या वेळी आम्हांस फार थोर वाटले होते.

बस बिघडली यात आमचा दोष नव्हता. धुके पडले यात त्या कंपनीचाही नव्हता. दोष त्यापुढचा. अडचण सर्वांची होती, तिची किंमत मात्र एकट्या बाईंनी मोजली, आणि त्या किमतीला आम्ही ‘निष्ठा’ असे गोंडस नाव दिले.

बाई आता सेवानिवृत्त आहेत. परवा त्यांच्या घरी जाऊन आम्ही त्या अर्जाची आठवण काढली. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘सर, रजेचे सोडा. त्या रात्री सासूबाई कशा होत्या, हे तुम्ही विचारले असते तरी चालले असते.’ चहा गार होईपर्यंत आम्हांस बोलता आले नाही.

मुलीला आम्ही अर्जाचा मसुदा करून दिला. भाषा नम्र, मागण्या तीन : दौरा वाढला तर किती वाढेल याची मर्यादा, किती आधी कळवाल याचा नियम, आणि गेलेल्या सुट्टीच्या बदली सुट्टी अथवा वेतन. एकटीने न देता सोबतच्या मुलींच्याही सह्या घे, असे तिला सांगितले. उत्तर अद्याप आलेले नाही.

आमच्या हाती एक शाळा आहे. यंदाच्या सहलीच्या आदेशात परतीची तारीख आम्ही स्वहस्ते लिहिली, आणि तिच्याखाली, सहल लांबल्यास सोबतच्या शिक्षकांस तितक्याच दिवसांचा प्रतिकर अवकाश मिळेल, ही ओळ घातली. लेखनिकाने विचारले, ‘सर, हे लिहायलाच हवे का? तुम्ही तर असेही द्याल.’

आम्ही म्हटले, ‘म्हणूनच लिहा. आम्ही देऊ किंवा न देऊ, अशी ती गोष्ट राहता कामा नये.’